पाच घरांचा एकच पत्ता

ती उघडा लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरत होती आणि तो ओली छत्री झटकत जिना चढत होता. व्हायचं तेच झालं. चार थेंब स्क्रीनवर, दोन तिच्या चष्म्यावर.

"सॉरी... पुसून देऊ?"

"काय, चष्मा की लॅपटॉप?"

"ज्याला जास्त राग आलाय, तो आधी."

तिला हसू येत होतं, पण ती भांडायला निघाली होती, म्हणून तिने ते गिळलं. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तो तळमजल्यावरचा. एका वकिलांच्या हाताखाली कामाला होता. कंपन्या लोकांची खासगी माहिती नको तशी वापरतात, त्याबद्दलच्या तक्रारी लिहायचं त्याचं काम. इमारतीत सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे, निम्मे कौतुकाने, निम्मे चेष्टेने. आजवर दोघांची ओळख जिन्यात मान हलवण्याइतकीच.

"तुमच्याकडेच येत होते," ती म्हणाली. "इंटरनेटचं खोकं तुमच्या खोलीत आहे ना? मग सांगा, या इमारतीत लबाडी कोण करतंय?"

त्याने छत्री मिटली. "बसून सांगता का? आरोप गंभीर दिसतोय."

त्याच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ते खोकं हिरवे डोळे मिचकावत बसलं होतं. तार त्याच्या खिडकीतून यायची आणि तिथून पाच घरांत जायची. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. 'तुमच्या आयपी अ‍ॅड्रेसवरून फसवणूक झाल्याचे आढळल्याने तुमचे खाते बंद करण्यात आले आहे.' खातं होड्यांच्या एका ऑनलाइन खेळाचं होतं. एका होडीत दोघं, प्रत्येकाच्या हातात एक वल्हं, आणि समोर नदी.

"मी कधी काही लबाडी केलेली नाही," ती म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी! मोबाइलच्या नेटवरूनही बघितलं. खातंच बंद आहे."

"आयपी अ‍ॅड्रेस तुमचा एकटीचा नाहीच. पाचही घरांना बाहेरच्या जगात एकच पत्ता आहे. कुणीतरी एकाने काहीतरी केलं आणि त्यांच्या यंत्राने पत्त्यावरची सगळी खाती बंद करून टाकली."

"मग त्या खोक्यात बघा ना, कोण ते."

"दिसेल बहुतेक. पण मी बघणार नाही."

"का?"

"एकाचं बघायला गेलो की सगळ्यांचं दिसतं. कोण किती वाजता कुठे जातं ते... तुमचंही." त्याने मान खाली घातली. "तार माझ्या खिडकीतून येते, म्हणून काही ते माझं होत नाही."

तिला राग आला. आणि रागाच्या तळाशी आणखी काहीतरी आलं, ज्याची तपासणी करायची तिची त्या क्षणी तयारी नव्हती.

"तुमच्या तत्त्वांनी माझी होडी चालणार नाही," ती उठत म्हणाली.

"तक्रारीने चालेल कदाचित. एका खेळासाठी एवढं का... विचारलं तर चालेल?"

ती दारात थांबली. बाहेर पाऊस संथपणे पडत होता, घाई नसल्यासारखा. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बहुधा म्हणूनच या अर्ध्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मित्राच्या मुलाशी ठरलेलं लग्न तिने मोडलं होतं. तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. फोन त्यांनी उचललाच तर "घे, तुझ्या लेकीचा" म्हणून आईच्या हातात द्यायचे. आणि मग एका संध्याकाळी तिच्या होडीत 'नावाडी' नावाचा खेळाडू येऊन बसला. वळण आलं की लिहायचा, 'हळू घे, घाई कुठे आहे.' सायकल शिकवताना बाबा अगदी हेच म्हणायचे. तिने ओळखलं. त्यांनी तर आधीच ओळखलं असणार. पण वर्षभरात दोघांनी एकदाही तसं म्हटलं नव्हतं. तिचं तिथलं नाव 'खार', लहानपणी बाबांनीच ठेवलेलं; त्यांचं 'नावाडी'. रोज संध्याकाळी अर्धा तास.

"आईला निरोप देऊन बघितला?"

"ते खेळतात हे आईला ठाऊकच नाही. तिच्यासमोर विषय निघाला तर ते पुन्हा तिकडे फिरकायचे नाहीत. नाव घ्यावं लागत नाही, म्हणून तर बोलतात." तिचा आवाज बारीक झाला. "आता त्यांना वाटत असेल, मीच यायचं सोडलं. रुसून."

त्याने टेबलावरचे कोरे कागद पुढे घेतले. मग त्याने खुर्ची पुन्हा तिच्याकडे ओढली. "बसा. लिहूया."

कायद्याने काय काय मागता येतं, ते त्याने सांगितलं. कंपनीने आपल्याबद्दल काय साठवलंय ते. यंत्राने दिलेला निकाल जिवंत माणसाने तपासावा, हेही. उत्तराला मुदत महिन्याची. पण एक पत्ता म्हणजे एक माणूस नव्हे, हे खेळवाल्यांच्या गळी कसं उतरवायचं, तिथे त्याचं घोडं अडलं. तीन वाक्यं त्याने लिहून खोडली.

"इकडे द्या," ती म्हणाली. "गच्चीवरच्या टाकीतला पाण्याचा नमुना घेतला, तर पाणी खराब आहे एवढं कळतं. कुणाच्या नळाला गंज लागलाय ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नळ वेगळा तपासावा लागतो. एवढं साधं आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... हे असंच्या असं लिहितो."

त्यानंतर तक्रारीत सुधारणा करायच्या निमित्ताने ती तळमजल्यावर उतरू लागली. तक्रार कधीच पाठवून झाली होती, तरी सुधारणा संपेनात. कधी चहा, कधी नुसता पाऊस बघत बसणं. "वकीलसाहेब, तुमचा स्वल्पविराम चुकलाय." "मॅडम, तो मुद्दाम सोडलाय, उद्याही यावं लागेल म्हणून." असली उत्तरं देऊन तो स्वतःच लाजायचा आणि खोक्यावरची धूळ पुसायला उठायचा.

आठवड्याभराने कंपनीचं पत्र आलं. तपासणी चालू आहे, वेळ लागेल. मात्र या पत्त्यावरून फसवणूक करणारी व्यक्ती कोण हे आपण कळवलंत, तर आपलं खातं आजच सुरू करू.

त्याच दुपारी मालकीणकाकू तिच्या दारात आल्या. काकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

"अगं, तुझाही होडीचा खेळ बंद पडला का गं?"

"तुम्ही खेळता, काकू?"

"खेळते म्हणजे... या मनगटांनी काय खेळणार!" काकूंनी सुजलेले सांधे पुढे केले. "भाच्याने एक प्रोग्रॅम घालून दिला. आपण नुसतं बोट ठेवायचं, होडी आपोआप चालते. माझी मैत्रीण असते बघ समोरच्या वल्ह्याला, शाळेपासूनची. लांब राहते. आता ती बिचारी एकटीच गोल गोल फिरत असेल." मग हळूच म्हणाल्या, "यात काही चुकलं का माझं?"

तिने काकूंना आत घेऊन बसवलं.

संध्याकाळी ती खाली गेली. "मला कळलंय कोण ते. एक नाव लिहिलं की बाबा आज भेटतील."

त्याने कोण ते विचारलं नाही. "अशी अट घालायचा त्यांना हक्क नाही, हे मी ठणकावून लिहीन. पण नाव सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवायचं. बाबा तुमचे आहेत."

ती खिडकीशी उभी राहिली. आपली होडी कुणाच्या तरी वल्ह्यावर पाय देऊन सोडवायची? आणि दुसऱ्या टोकाला वाट बघणारं माणूस तर तिकडेही होतंच.

"लिहा," ती म्हणाली. "नाव कळवणार नाही. आणि हेही लिहा, की दुखऱ्या हातांना आधार देणं आणि फसवणूक यांत फरक असतो. तो बघायला यंत्र नाही, माणूस बसवा."

त्याने लिहिलं. शेवटची ओळ लिहून झाल्यावर म्हणाला, "एक विचारू? तुमच्यासारखा माणूस समोर असला, की आमच्यासारख्यांनी वाक्यं कशी पूर्ण करायची?"

"स्वल्पविराम द्यायचा," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं.

मुदत संपता संपता उत्तर आलं. एका माणसाने खरोखरच सगळं तपासलं होतं. पत्त्यावरची सगळी खाती सुरू केली होती, आणि दुखऱ्या हातांसाठीचा प्रोग्रॅम कुणालाही रीतसर नोंदवून वापरायची परवानगी दिली होती, म्हणजे काकूंनाही. सांगायला तो तीन मजले धावत आला. दोघं तिच्या टेबलाशी बसले. होडी उघडली.

नावाडी होता. एकटाच, काठाला लागून.

ती वल्ह्याला बसली. कितीतरी वेळ काहीच उमटलं नाही. मग अक्षरं आली, आणि ती वाचून तिने तोंडावर हात ठेवला. डोळे वाहू लागले. त्याने पटकन मान वळवली, भिंतीकडे. "मी वाचलं नाही हं. खरंच."

"वाच."

"तुमचं खासगी आहे ते..."

"मी सांगतेय ना, वाच. तू वाचलेलं मला हवंय."

तिच्या तोंडून निसटलेला 'तू' दोघांनीही ऐकला. त्याने सावकाश मान फिरवली.

'तुझी आई काळजी करत होती.'

आईला तर या खेळातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने नुसता तिचा हात हातात घेतला आणि तिने तो राहू दिला. होडी निघाली खरी, पण उरलेल्या एका हाताने वल्हं काही तिला आवरेना. नाक काठाकडे वळायला लागलं.

'होडी वाकडी का जातेय?' बाबांनी लिहिलं. 'शेजारी कुणी आहे का?'

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून वाचत होता.

एका हाताने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'आहे, बाबा. घरी घेऊन येऊ?'