उजवी बाजू आधी

टॉवर चौकातल्या भेटवस्तूंच्या दुकानात तेजस्विनी पेंडसे शिरली ती तावातावानं. बाहेर आषाढाचा पाऊस रिपरिपत होता. काउंटरमागचा तरुण फुलदाण्या पुसत बसला होता. तिनं हातातलं भलंमोठं खोकं त्याच्यासमोर ठेवलं, आणि झाकण उघडलं.

रागापेक्षा धक्का मोठा होता. खोक्यावर तीन डोलकाठ्यांचं, शिडं फुगलेलं देखणं जहाज छापलेलं. आदल्या दिवशी ते तिनं याच दुकानातून, म्हाताऱ्या मालकांकडून नेलं होतं. घरी दाराला कडी घालून उघडलं, तर आत काड्या. शेकडो काड्या, पातळ लाकडी पट्ट्या, दोऱ्याची रिळं आणि कुठल्या तरी परक्या भाषेतला घडीचा कागद.

"यात जहाज कुठाय?" ती कशीबशी म्हणाली.

तरुणानं खोक्यात पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा खोक्यात... त्याचाही चेहरा उतरला.

"मला वाटलं, तयार येतं," तो म्हणाला. मग त्यानं एक पट्टी उचलून उजेडात धरली. "पण सामान तर सगळं दिसून राहिलंय, मॅडम. फक्त जोडायचं बाकी आहे."

"फक्त?"

तिच्या स्वरानं तो दचकला, आणि मग दोघांनाही एकदमच हसू आलं.

साल होतं पंच्याण्णव. परदेशी वस्तू नुकत्याच उज्जैनच्या दुकानांतून उघडपणे दिसायला लागल्या होत्या. त्या विकणाऱ्याला त्यांची जितपत माहिती, तितपतच घेणाऱ्याला. हा तरुण मालकांचा पुतण्या, हर्षल मुजुमदार. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. त्याच्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी असे, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याचा 'भिया', म्हणजे भाऊ. तेजस्विनीला ते ऐकून आधी हसू येई. पुढंपुढं, तो एक दिवस तसं बोलला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

जहाज तिला बाबांसाठी हवं होतं. दत्तात्रय पेंडसे रेल्वेत मालगाडीचे गार्ड. मूळचे हर्णैचे, बंदरावर वाढलेले, आणि सगळी नोकरी मात्र माळव्यात. ऑगस्टच्या अखेरीस ते निवृत्त व्हायचे होते आणि लगेच रेल्वेचं क्वार्टर सोडून सगळे हर्णैला, कायमचे. निरोपाच्या दिवशी बाबांच्या हातात जहाज द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. हर्षलनं खोकं परत घ्यायची तयारी दाखवली, पण तिचं मन होईना. तेव्हा तो म्हणाला, दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं, काका घरी झोपतात. तिनं शाळा सुटल्यावर यावं. दोघं मिळून करू.

"तुम्हाला येतं?"

"नाही," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "पण तुम्हाला कुठं येतं?"

ती रोज यायला लागली. शाळेत ती चौथीच्या वर्गाला शिकवायची. हातावर खडू तसाच असायचा. कागदावरची भाषा दोघांनाही कळत नव्हती, तेव्हा ते चित्रांवरून चालले. आधी लांब कणा, मग त्यात बसवायच्या फासळ्या. मग पट्ट्या — गरम पाण्यात भिजवायच्या, मऊ झाल्या की फासळ्यांवरून हलकेच वळवायच्या, फेविकॉल लावून वाळेपर्यंत दाबून धरायच्या. एकट्याच्या हातांनी ते होत नसे. टोक तिनं धरायचं, वळण त्यानं द्यायचं, आणि मग दहा-दहा मिनिटं दोघांनी तसंच बसून राहायचं... बोटाला बोट लागलं तरी सोडायचं नाही, कारण सोडलं की पट्टी उसळते.

"तुमचे हात फार थंड आहेत," तो एकदा म्हणाला.

"पट्टीकडे लक्ष द्या."

"पट्टीकडेच तर देऊन राहिलो होतो. मध्येच हात आला."

त्यानं श्रावण संपायच्या आत जहाज पुरं करून द्यायचं कबूल केलं होतं. राखी पौर्णिमा झाली, पौर्णिमेलाच महिना संपवणाऱ्या त्या गावाचा श्रावण संपला. तिनं जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, आमच्या घरी पंचांग मराठी, आमचा श्रावण अजून पंधरा दिवस आहे. तिनं डोळे वटारले. पण घरी जाताना पुलावर तिच्या लक्षात आलं, की ते पंधरा दिवस ऐकून आपल्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिला भीती वाटली. घरात ट्रंका भरल्या जात होत्या. आई रोज एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आणि हा माणूस अजून तिला मॅडमच म्हणत होता.

पट्ट्या लावताना हर्षलनं सुरुवातीलाच एक नियम घातला होता: शुभकाम उजव्या अंगानं. दुकानात उजवा पाय आधी, ओवाळणं उजव्या हातानं, तर जहाजाची उजवी बाजू आधी. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. तिच्या घरीही हेच. तेव्हा त्यांनी उजवी बाजू वरपासून खालपर्यंत पुरी करून टाकली, अगदी निगुतीनं, आणि डावी तशीच उघडी. रविवारी दुकान बंद. सोमवारी दुपारी ती आली, हर्षलनं जहाजावरचं फडकं काढलं, आणि दोघंही जागच्या जागी थिजले.

जहाज वाकलं होतं. सरळसोट कणा केळ्यासारखा उजवीकडे वळला होता. महिनाभराचं काम.

"मी शनिवारी नीट ठेवलं होतं," हर्षल पुटपुटला. "देवाशपथ..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गडबडीनं खिशातला रुमाल काढला, तो फेविकॉलनं कडक झालेला निघाला, आणि काहीच न सुचून त्यानं तिचा हात धरला. या वेळी मध्ये पट्टी नव्हती.

"तेजू."

आवाज दाराकडून आला. बाबा. ट्रंकेला कुलूप घ्यायला ते शेजारच्या दुकानात आले होते आणि बाहेर टांगलेली तिची छत्री त्यांनी ओळखली होती. हात सोडवून घ्यायचा असतो, हेसुद्धा तिला सुचलं नाही. ते हर्षलनं केलं.

बाबा आत आले, जहाज दोन्ही हातांनी उचललं, एक डोळा मिटून कण्यावरून नजर फिरवली. कितीतरी वेळ.

"कोणी केलं हे?"

"मी," दोघंही म्हणाले.

"उजवी बाजू आधी कोणी सांगितली?"

हर्षलनं मान खाली घातली. शुभ म्हणून, असं काहीतरी तो बोलला. बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. ओली पट्टी वाळताना आवळते, ते म्हणाले. सगळी ओढ एकाच बाजूची, मग कणा दुसरं काय करणार? बंदरावर होड्या बांधताना त्यांनी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं. एक फळी इकडे, लगेच दुसरी तिकडे. जोडीनं. मग त्यांनी बाह्या सारल्या, गरम पाणी मागवलं आणि एकेक पट्टी सोडवून दाखवली. वीस मिनिटं दुकानात फक्त पाण्याचा आवाज होता.

"सावकाश सोडवा. कणा सरळ होईल," हात पुसत बाबा म्हणाले. "पुन्हा बांधायला किती दिवस लागतील?"

"तीन महिने," हर्षल म्हणाला.

"आम्ही पंधरा दिवसांत चाललो."

हर्षलनं हातातली ओली पट्टी खाली ठेवली, पुन्हा उचलली. तेजस्विनीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला कोणीतरी बोलताना ऐकू आलं.

"तुम्ही जा, बाबा. मी थांबते."

तो आवाज आपलाच आहे, हे कळायला तिला क्षणभर लागलं. कळल्यावर कानशिलं तापली. बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू भर वेगातली गाडी रुळावरच उभी राहिली.

"जहाजासाठी?"

"नाही," ती म्हणाली. आता मागं फिरणं नव्हतंच. "जहाजासाठी नाही."

बाबांनी दीर्घ श्वास घेतला आणि मोहरा हर्षलकडे वळवला. "तुम्हीही काही बोलणार आहात, की सगळं हिनंच बोलायचं?"

"बोलतो ना, साहेब." तो उभा राहिला. पाण्याचं भांडं कलंडलं, त्याचंही त्याला भान नव्हतं. "जहाज वेळेत होणार नाही, हे पहिल्याच दिवशी समजून गेलं होतं. पण या रोज यायच्या... म्हणून नाही सांगितलं. माझं पण — म्हणजे मला पण यांना जाऊ द्यायचं नाही. बस, एवढंच."

"एवढंच?" बाबा म्हणाले. मग खिशातलं कुलूप उगाचच चाचपत दाराशी गेले. रविवारी काकांना घेऊन घरी या, असं सांगितलं त्यांनी, आणि पायरी उतरता उतरता, लेकीकडे न बघता, "तुझ्या आईला मात्र तूच सांग. माझ्यात ती हिंमत नाही."

ते गेले. हर्षल हळूच खाली, ओल्या फरशीवरच बसला.

"तुम्ही... तू," तो म्हणाला, "तू खरंच असं म्हणालीस?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. स्कूटरवाला, भिजलेला, घाईत. हर्षल उठायच्या स्थितीतच नव्हता. तेव्हा तीच काउंटरमागं गेली.

"भाभी, बर्थडे की मोमबत्ती मिलेगी?"

मागं, हर्षल बसला होता तिकडे, काहीतरी धाडकन पडलं. फुलदाणी असावी. तेजस्विनीनं मागं वळून पाहिलं नाही, आणि गिऱ्हाइकाला दुरुस्तही केलं नाही.

"मिलेगी ना, भिया," ती म्हणाली. "कितने साल का हुआ बच्चा?"