टाकीतले तीन ठोकळे

"दाजी, पाचच्या आत लबाडी उघडी पडली नाही, तर माझ्या चौदा माणसांच्या हातचं काम गेलंच म्हणून समजा!"

बाई दारातूनच बोलल्या. त्यांचा काँक्रीटचा छोटा कारखाना होता. ज्यांच्या दारात त्या आल्या त्या खासगी गुप्तहेरांना सगळे दाजीच म्हणत, कारण त्यांचा मेहुणा चोवीस तास मागे असे आणि तीच हाक मारत असे.

नव्या पुलाच्या कामातला काही हिस्सा छोट्या कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. बाईंना पुलाचे कठडे ओतायचं काम मिळणार होतं. त्याआधी नमुन्याचे तीन ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून प्रयोगशाळेत दाबून बघायचे होते. आज सकाळी तिन्ही निम्म्या दाबालाच फुटले.

"माल कच्चा असेल," मेहुणा म्हणाला.

"माझा?" बाई उसळल्या. "ठोकळे बदललेत कुणीतरी!"

कारखान्यातल्या टाकीला कुलूप होतं. किल्ल्या तिघांकडे: बाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि मिस्त्री. सकाळी पूल कंपनीच्या सुपरवायझरने बाईंसमोरच ठोकळे काढले, ओल्या गोणपाटात बांधले आणि बाईंना शेजारी बसवून थेट प्रयोगशाळेत नेले.

"मला कशाला गोवता?" दाजी कारखान्यात पोचताच तिथे थांबलेला सुपरवायझर वैतागला. "पाचच्या आत खरे ठोकळे आणा, पुन्हा दाबून बघू. नाहीतर कठडे दुसऱ्याला."

"ही इथल्या भिंतीवरची नोटीस कसली?" दाजींनी विचारलं.

"साइटच्या फाटकातून आत जाणाऱ्या कामगारांचे डोळे तपासायचेत. महिना झाला लावून."

भाऊ इस्त्रीच्या शर्टात आला. "ताई कारखान्याची जागा विकत नाही म्हणून डोकं फिरलंय माझं, खरंय. पण काँक्रीट? एकदा साचा भरला तर त्याची चाळणी झाली. अजून हसतात सगळे."

मिस्त्री वीस वर्षांचे जुने. बाईंना काम त्यांनीच शिकवलेलं. दाजींनी फुटका तुकडा पुढे केला. त्यांनी तो न बघता अंगठ्याने चाचपला.

"सिमेंट कमी पडलंय," ते म्हणाले. "ठोकून बसवलंय मात्र चोख."

दाजींनी बाईंच्या फोनमधला ठोकळे ओतल्या दिवशीचा फोटो बघितला. बाईंनी खिळ्याने कोपऱ्यात बारीक आकडे कोरले होते. फुटक्या तुकड्यांवरचे आकडे तळहाताएवढे होते; सकाळी ती बाजू खाली असल्याने कुणाला दिसले नव्हते.

चार वाजता दाजींनी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

"आकडे ओल्या काँक्रीटमध्ये कोरलेत. म्हणजे नकली ठोकळे आधीच तयार होते. सकाळपासून बाईंची नजर हलली नाही, तेव्हा अदलाबदल या टाकीतच झाली, किल्लीने. बाई स्वतःचं काम बुडवणार नाहीत."

"मग भाऊच!" मेहुणा म्हणाला.

"घाई नडते तुला. भाऊने साचा भरला की चाळणी होते. या तुकड्यांत एक भोक दाखव! माल मुद्दाम कच्चा केला, पण वाईट ठोकायला हात तयार होईना. असा हात इथे एकाचाच आहे. आकडे एवढे मोठे, कारण बारीक त्याला दिसत नाहीत. आणि भिंतीवर डोळे तपासायची नोटीस. मिस्त्री, खरे ठोकळे कुठे आहेत?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "टाकीच्या मागे, ओल्या वाळूत पुरलेत. फोडवले नाहीत मला." मग बांध फुटला. "काम मिळालं की डोळे तपासणार आणि म्हातारा घरी! नाही मिळालं तर आहोत तसे राहिलो असतो."

"अहो, तपासणी साइटवर जाणाऱ्यांची!" सुपरवायझर म्हणाला. "कठडे इथेच ओतायचेत. तुम्हाला कोण तपासतंय?"

मिस्त्री मटकन खाली बसले. "मग मी हे कशासाठी केलं?"

"मला एकदा विचारायचं होतंत!" बाईंचा आवाज चिरकला. "चौदा घरं, मिस्त्री! चौदा!"

मेहुण्याने मुकाट्याने फावडं उचललं. निघालेल्या ठोकळ्यांवरचे बारीक आकडे सुपरवायझरने फोटोशी ताडून बघितले आणि गाडी काढली.

पाचला सात मिनिटं कमी असताना बाई प्रयोगशाळेतून बाहेर आल्या. मिस्त्री पायरीवर बसले होते.

"टिकले," बाई म्हणाल्या.

मिस्त्री ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. बाई बऱ्याच वेळाने शेजारी टेकल्या.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. परवापासून साचे तुम्हीच भरायचे." त्या थांबल्या. "सिमेंट मात्र यापुढे मी घालणार."