यादीत नसलेली भाषा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. नाव लिहीत नाही, पण तुम्हाला कळेल. क्वालिटीच्या केबिनमध्ये चौघांसमोर म्हणालात, ‘‘स्वप्नाली, माझ्या लॉगिनवर आर चालतंय, तुझ्यावर नाही. म्हणजे चूक तुझीच. पायथनमध्ये लिही, नाहीतर हिंगोलीची गाडी पकड.’’

हातात तीन तास होते. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन त्याच दिवशी संपत होतं, आणि तीन वाजता ग्राहक कंपनीची माणसं माझी नोटबुक माझ्याच टेबलावर चालवून बघणार होती. नोटबुक म्हणजे कागदाची वही नव्हे. एडिटरमधलं पान... वरच्या चौकटीत कोड, खाली लगेच उत्तर. उत्तर काढणारं इंजिन मागे असतं, त्याला कर्नल म्हणतात. एडिटर न विचारता पायथन या संगणकभाषेचा कर्नल धरतो. माझं सगळं काम मात्र आर भाषेत. परभणीला संख्याशास्त्र शिकले ते आरमध्येच. रूमवर माझ्या लॅपटॉपवर छान चालायचं. पण स्वतःचा लॅपटॉप कारखान्याच्या गेटच्या आत नेऊ देत नाहीत.

मी रन दाबत होते, लाल अक्षरं येत होती. रडत नव्हते मी. दात खात होते.

‘‘मॅडम, पाय जरा उचलता का?’’

टेबलाखालून आवाज! मी किंचाळलेच. खाली एकजण लेबल प्रिंटरची वायर हातात धरून बसला होता. केसांत धूळ, आणि डोळे... डोळ्यांत हसू.

‘‘कधीपासून आहात खाली?’’

‘‘तुमी कीबोर्डला पहिली शिवी घातली, त्याच्या जरा आधीपासनं.’’

‘‘तुम्ही प्रिंटरवाले ना? प्रिंटर बघा.’’

‘‘व्हय, बघतोच हाय.’’ तो उठला, हात पँटला पुसले. बघत मात्र माझ्या स्क्रीनकडे होता. ‘‘आर हाय व्हय? आर बसवलं कुणी?’’

‘‘साहेबांनी.’’

‘‘कुणाच्या लॉगिननं?’’

‘‘त्यांच्याच. का?’’

‘‘मग त्यांनाच दिसणार की, मॅडम! आर मशिनवर बसलंय, पण कर्नलची नोंद एकट्या साहेबांच्या नावावर झालीय. तुमच्या लॉगिनला त्याचा पत्ताच न्हाई.’’

तुम्ही आर बसवल्यापासून दोन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते, साहेब. दोन आठवडे!

‘‘सरका थोडं.’’

‘‘सरकत नाही. सांगा, मी टाइप करते.’’

‘‘लई कडक हायसा.’’ तो वाकला. मशिनच्या तेलाचा वास, त्यात साबणाचा पुसटसा... मी श्वास आवरला. त्याने सांगितलं तसं मी माझ्याच लॉगिनमधून आर उघडलं, कर्नलची नोंद करणारी एकच ओळ लिहिली, एडिटर बंद करून परत उघडला.

‘‘आता उजव्या कोपऱ्यात वर. पायथन लिवलंय त्याच्यावर दाबा.’’

यादी उघडली. पायथनच्या खाली — आर!

निवडलं. रन दाबलं. एक सेकंद... दोन... आणि ब्रेक डिस्कच्या जाडीचा आलेख सरसर उमटत गेला. मी हसले, आणि डोळे मेले भरून आले.

‘‘रडताय का हसताय?’’

‘‘तुम्हाला काय करायचंय? नाव काय तुमचं?’’

‘‘गणराज. हितलाच, निघोज्याचा.’’

‘‘कुठं शिकलात हे?’’

‘‘घरी. चुकत चुकत.’’

तीन वाजता सगळं सुरळीत पार पडलं. साडेचारला प्रोबेशन संपून नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात आलं. आणि साहेब, पाहुण्यांना तुम्ही काय सांगितलंत? ‘‘हिच्या लॉगिनवर आर मीच चालू करून दिलं.’’ वा!

पण त्या दिवशी मला तुमचा रागही नीट करता येईना. डोक्यात त्याचे धूळभरले केस घोळत होते.

पुढच्या मंगळवारी गणराज परत आला. ‘‘प्रिंटर चेक करायचाय.’’ त्याच्या पुढच्या मंगळवारीही. प्रिंटर ठणठणीत होता. येताना आईने दिलेल्या दोन चिक्क्या आणायचा — एक मला, दुसरीही मलाच. मी त्याला आलेख वाचायला शिकवलं. तो आलेखावरच्या माझ्या बोटापेक्षा माझ्याकडेच जास्त बघायचा. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कळलंच नाही.

लेबलं लावणाऱ्या रुक्मिणीबाई एकदा मोठ्याने म्हणाल्या, ‘‘अगं पोरी, विचार त्याला, प्रिंटर बिघडलाय का डोकं?’’

सगळी लाइन हसली. गणराजचे कान लाल.

काल तो आला तो उतरल्या तोंडाने. ‘‘माझी बदली झाली. माणला, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आयटीवाल्यांकडं. परत हिकडं येणं... अवघड हाय.’’

‘‘बरं.’’

‘‘बरं? एवढंच?’’

‘‘मग काय करू, नाचू? तू येत होतास कशाला, ते तर कधी बोलला नाहीस.’’

‘‘प्रिंटर...’’

‘‘प्रिंटर चांगला आहे, गणराज. पहिल्या दिवसापासून.’’

तो वायरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. ‘‘आमचं घर जुन्या वळणाचं. तू लांबची, नोकरीवाली... न्हाई म्हणालीस तर बघायलाबी मिळायची न्हाईस, म्हणून —’’

इतकं हलकं वाटलं मला! म्हणजे मी एकटीच वेडी नव्हते. मी त्याच्या हातातून वायर काढून घेतली. बोटं सोडली नाहीत.

‘‘रविवारी आई-बाबा हिंगोलीहून येतायत. चिंचवड स्टेशनवर घ्यायला जायचंय. मी एकटी जाऊ, की तू येतोस?’’

त्याने ‘हो’ म्हणून जोरजोरात मान हलवली.

‘‘मान नको हलवू. इथं, सगळ्यांसमोर, तोंडाने सांग... येतोस की नाही?’’