श्वास अपुरा

सकाळी नाक्यावर उभं राहण्याआधी दारू तपासायच्या मशीनमध्ये स्वतः एकदा फुंकून बघायची माझी जुनी सवय. शून्य आलं, की मशीन ठीक. मी वाहतूक शाखेचा हवालदार. आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

ऑक्टोबरात कुपवाड रस्त्यावर, भर दुपारी, दिग्विजयच्या गाडीनं नाथाजी नावाच्या मेंढपाळाला उडवलं. नाथाजी जागेवरच गेला. दिग्विजय एका कारखानदाराचा मुलगा. गाडीतून उतरला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“अनंत, रीडिंग शून्य पाहिजे.”

नळी मी माझ्याच तोंडात धरली आणि लांब फुंकलं. चिठ्ठीवर नाव त्याचं, खाली शून्य. रक्ताचा नमुना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतला गेला. नाथाजीच गाडीच्या आडवा आला असं ठरलं आणि प्रकरण मिटलं.

आठवड्यानं सकाळी फुंकलं, तर पडद्यावर अक्षरं आली : ‘श्वास अपुरा’. पुन्हा फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. श्वास अपुरा. सोबतच्या शिपाई मयूरीनं फुंकलं, शून्य. नळी बदलली. मग खोक्यातलं नवंकोरं मशीन काढलं.

श्वास अपुरा.

“सर, दमा-बिमा नाही ना?” मयूरी हसली.

डॉक्टर म्हणाले, छाती उत्तम आहे.

घरी मुलीच्या वाढदिवसाचा फुगा माझ्यानं फुगेना. गॅस पेटवल्यावर हातातली काडी फुंकून विझेना. बोटापर्यंत जळत आली. बायकोनं, क्षमानं, ती माझ्या हातातून घेऊन विझवली. त्या दिवसापासून ती मुलीला माझ्याजवळ झोपू देत नाही.

जानेवारीत एका सकाळी मी जतकडे, नाथाजीच्या वस्तीवर गेलो. त्याची बायको बनाबाई मेंढ्या सोडत होती.

“बाई, त्या दिवशी मशीनमध्ये मी फुंकलं. तो प्यायलेला होता.”

“आमास्नी म्हाईत हाय,” ती म्हणाली. “समद्या रस्त्यानं बघितलं हुतं. आता कशाला आलायसा?”

“मी लेखी देतो. कोर्टात सांगतो.”

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच मागं सरली आणि कुत्र्याला जवळ ओढलं.

गारठा कडक होता. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, मेंढ्यांच्या नाकातून, कुत्र्याच्या जबड्यातून.

मी बोलतच राहिलो. माझ्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.