लांबट थाळ्या

चष्मा कारखान्याच्या मागच्या दारात सापडला. एक काच फुटलेली, एक शाबूत. उंबऱ्यावर रक्ताचे दोन थेंब. चष्म्याची मालकीण मात्र कुठेच नव्हती.

कारखाना मातीच्या भांड्यांचा होता. मालकीणबाई पासष्टीच्या, आणि गेली चाळीस वर्षं तो त्यांनी एकहाती चालवलेला. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. काल कामगारांना अर्धी सुट्टी होती. तीन वाजता मोठ्या बाई चाकावर बसलेल्या शेजाऱ्यांनी पाहिल्या होत्या. चार वाजता त्यांच्या भाच्याचा पोलीस ठाण्यात फोन आला.

"मावशी नाहीये! मागच्या दारात रक्त आहे! लवकर या!"

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा भाचा दारातच बसला होता. अंगानं चांगला रुंद, मानेला वळ्या, आणि रडून रडून चेहरा लाल झालेला. आईविना वाढलेलं पोर, मावशीनंच वाढवलं, असं शेजारच्या बायका कुजबुजत होत्या. त्यानं एक फोटो पुढे केला.

"कॅमेऱ्यातून काढलाय. रेकॉर्डर बिघडला, सगळं पुसलं गेलं. नशिबानं आधी एवढा एकच फोटो उतरवून ठेवला होता."

फोटोत एक माणूस पाठमोरा होता. कामगारांचा चामडी ॲप्रन, डोक्याला आणि तोंडाला फडकं. खांद्यावर मोठं, जड पोतं. तो मागच्या दारातून बाहेर निघाला होता. त्याच्या शेजारच्या भिंतीवर एकाखाली एक अशा तीन लांबट थाळ्या टांगलेल्या दिसत होत्या. माणूस काठीसारखा किडकिडीत.

"हा तर बांबू," हवालदार लगेच म्हणाला.

बांबू म्हणजे भट्टीवाला. वीस वर्षांपासून तिथल्या दोन्ही भट्ट्या तोच लावायचा. एवढा उंच आणि एवढा बारीक, की आईबापांनी ठेवलेलं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. संध्याकाळी सहाला तो कोठडीत होता.

पोलिसांनी कारखाना धुंडाळला. मोठी भट्टी उघडी आणि रिकामी होती. छोटीचं दार विटांनी बंद, वरून माती लिंपलेली. भरून बंद केलेली भट्टी पेटवण्याआधी कुणी उघडत नाही, आतला माल खराब होतो, असं भाच्यानं सांगितलं. हवालदार तिला टेकून उभा राहिला आणि बाहीला चिखल लागला म्हणून घरी जाईपर्यंत कुरकुरत राहिला. फोटोतलं पोतं बाहेर गेलं होतं. त्यामुळे शोधही बाहेरच सुरू झाला. तळ्यात गळ टाकले, झुडपं तुडवली. हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टरबाईंनी बांबूला पुन्हा समोर बसवलं. त्यांना झोप मिळाली नव्हती, आणि झोप नसली की त्यांची जीभ फार धारदार व्हायची.

"बाई कुठेयत?"

"मला ठाऊक नाही हो मॅडम."

"काल तीन वाजता तू कुठे होतास?"

"माती बघायला गेलो होतो. खाणीवर."

"कुणी पाहिलं?"

"खाणीत कोण असतंय? माती आणि मी."

"जिवंत असतील तर एकेक तास मोलाचा आहे. कळतंय का तुला? म्हाताऱ्या बाईला कुठेतरी टाकून तू इथं चहा पितोयस."

बांबूनं चहाचा पेला खाली ठेवला. 

"माझ्या आईपेक्षा जास्त आहेत त्या मला. सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार होत्या, की यापुढे कारखाना मी बघायचा. मी कशाला त्यांच्या केसाला धक्का लावू?" तो थांबला. मग अगदीच भलतं बोलला. "मॅडम, एक निरोप द्याल का? फळ्यांवरचा सगळा माल ओला आहे. एक बरणीसुद्धा भट्टीत घालायची नाही म्हणावं. अजून चार दिवस."

"इथं माणूस गायब आहे आणि तुला बरण्यांची पडलीय?"

त्यानं मान खाली घातली. इन्स्पेक्टरबाई तणतणत बाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. ती रडत नव्हती, काही मागत नव्हती, नुसती बघत होती. त्या नजरेचा इन्स्पेक्टरबाईंना आरडाओरड्यापेक्षा जास्त त्रास झाला.

चार वाजता भाच्याचा फोन आला.

"मॅडम, विचारायला संकोच वाटतो. छोटी भट्टी भरून तयार आहे. काल सकाळीच बंद केलीय. मावशीनं गिऱ्हाईकाला शब्द दिलाय. पाच वाजता लावू का? तिचा शब्द मोडायला नको वाटतं."

"लावा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्यांचं निम्मं लक्ष तळ्याच्या नकाशात होतं.

नकाशाखालून एक कॅटलॉग डोकावत होता. कारखान्याच्या भांड्यांचा, गुळगुळीत कागदाचा. शेवटच्या पानावर मोठ्या बाईंचा चेहरा होता, म्हणून तपासासाठी भाच्यानंच तो आणून दिला होता. वर अभिमानानं सांगितलंही होतं, की यातले सगळे फोटो मी आमच्या कारखान्यातल्या कॅमेऱ्यातूनच काढतो, फोटोग्राफर लागतोच कशाला?

इन्स्पेक्टरबाईंनी तो सहज चाळला. चौथ्या पानावर बांबू बरणी उचलून ताठ उभा होता. शेजारी तीच भिंत. त्याच तीन थाळ्या.

त्या थबकल्या. कालचा फोटो त्यांनी कॅटलॉगशेजारी ठेवला. भिंत तीच. खिळे तेच. वरच्या थाळीला उजवीकडे पडलेला टवकासुद्धा तोच. पण कॅटलॉगातल्या थाळ्या गोल होत्या आणि फोटोतल्या लांबट.

थाळी काही एका दिवसात आकार बदलत नाही.

ठाण्याच्या मागच्या खोलीत पोलिसांचा फोटोग्राफर बसायचा. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, कानावर पेन्सिल, आणि कुणी काही विचारलं की आधी सुस्कारा. त्यानं सुस्कारा सोडला आणि फोटो संगणकावर चढवला.

"दाबलेला आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कॅमेरा रुंद चित्र घेतो. रेकॉर्डर जुना, त्याची चौकट अरुंद. मग तो काय करतो? रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून आत बसवतो. टीव्हीवर लावलं, की टीव्ही ते ताणून पुन्हा होतं तसं दाखवतो, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण तेच चित्र थांबवून जसंच्या तसं उतरवलं, तर दाबलेलंच उतरतं. थाळीचं अंडं होतं आणि माणसाची काठी."

"मग बरोबर कसा काढायचा?"

"उंचीला हात लावायचा नाही. उंची कमी केली तर बारकावे जातात. फक्त रुंदी वाढवायची. हा सातशे वीस ठिपके रुंद आहे, तो एक हजार चोवीस करायचा. नवख्याला हे माहीत नसतं. झाली असेल चूक."

"करा."

त्यानं आकडा टाकला. चित्र हललं, दोन्ही बाजूंना पसरलं. थाळ्या गरगरीत गोल झाल्या. आणि त्यांच्याबरोबर दारातला माणूसही पसरला. पाठ रुंदावली. फडक्याखाली मानेला वळ्या आल्या.

 इन्स्पेक्टरबाईंनी कॅटलॉगचं चौथं पान पडद्याशेजारी धरलं. बांबूचं डोकं मधल्या थाळीपर्यंत पोचत होतं. या माणसाचं सगळ्यांत खालच्या थाळीलाही लागत नव्हतं.

"अहो, हा तर बुटका आहे!" फोटोग्राफर म्हणाला. "कालपासून आपण याला उंच म्हणतोय."

"बारीक दिसला म्हणून उंच वाटला. मोजून कुणी पाहिलंच नाही. मी पण नाही."

मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. त्या धावतच कोठडीशी गेल्या.

"छोट्या भट्टीत काय भरलंय?"

"काही नाही," बांबू म्हणाला. "रिकामी आहे. सांगितलं ना, सगळा माल ओला आहे."

"दार कुणी बंद केलं?"

"कुठलं दार? परवापासून उघडीच आहे ती."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आणि 'लावा' हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. असलं भय त्यांना आजवरच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

भाचा फोन उचलत नव्हता. जीप सुटली. मागे हवालदार आणि बांबू. 

कारखान्याचं पुढचं दार आतून बंद होतं. हवालदारानं ते खांद्यानं तोडलं. चारी भिंतींना लागून फळ्या होत्या, आणि फळ्यांवर बरण्या, वाडगे, सुरया, सगळा माल काळपट ओला, जागच्या जागी. छोट्या भट्टीपुढे भाचा उकिडवा बसला होता. गॅसची तोटी एका हातात, लायटर दुसऱ्यात.

"खाली ठेवा ते."

"मॅडम? अजून पाच वाजायचे आहेत. तुम्हीच तर—"

"खाली ठेवा!"

हवालदारानं लायटर हिसकावून घेतला. इन्स्पेक्टरबाईंनी गॅस बंद केला आणि त्या बांबूकडे वळल्या. "उघड."

"पहार आणू?" हवालदारानं विचारलं.

"नको," बांबू म्हणाला. "विटा आत पडतील. आत कुणी असेल तर अंगावर." त्यानं नखांनीच लिंपलेली माती ओरबाडली आणि वरची पहिली वीट हळूच ओढून काढली. आत अंधार होता. आवाज नव्हता.

"बाई!" त्यानं हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यानं दुसरी वीट धरली.

"भट्टीचं वाटोळं होईल," भाचा पुटपुटला. "मॅडम, हा खुनी आहे आणि तुम्ही त्याच्याच हातात..."

"फोटोतला माणूस तू आहेस," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "अहो-जाहो आता पुरे झालं."

"मी? मी असा दिसतो?"

"रुंदी नीट केली की दिसतोस. ॲप्रन चढवलास, तोंडाला फडकं बांधलंस, मातीचं पोतं खांद्यावर घेतलंस आणि मुद्दाम कॅमेऱ्यासमोरून बाहेर गेलास. चष्मा आणि रक्त मागच्या दारात ठेवलंस. म्हणजे आम्ही बाहेर शोधत बसावं, आणि बसलोही. मग एक चित्र दाबलेलं उतरवलंस आणि बाकीचं सगळं पुसून टाकलंस."

तिसरी वीट निघाली. चौथी.

"मला नाही कळत त्यातलं," भाचा म्हणाला. "जसा निघाला तसा फोटो दिला. चुकून झालं असेल."

"कॅटलॉगात साठ फोटो आहेत. तोच कॅमेरा, तोच रेकॉर्डर. एकही थाळी लांबट नाही. साठ वेळा न चुकणारा माणूस नेमका काल चुकला?"

"पहिल्यांदा चुकला होता," विटा काढता काढता बांबू म्हणाला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. "पहिल्या कॅटलॉगात सगळ्या थाळ्या अंड्यासारख्या छापून आल्या होत्या. बाई हसून लोळल्या, आणि मग गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. रुंदी कशी वाढवायची, ते तेव्हा शिकला हा."

भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आणि भट्टी काल सकाळी बंद केली म्हणालास," इन्स्पेक्टरबाई पुढे म्हणाल्या. "संध्याकाळी माझ्या हवालदाराच्या बाहीला तिचा चिखल लागला. सकाळचं लिंपण संध्याकाळपर्यंत ओलं राहतं का रे, बांबू?"

"या हवेत? दुपारपर्यंत खडखडीत सुकतं."

"माल फळ्यांवर आहे. भट्टी रिकामी असायला हवी. तरी ती बंद आहे, आणि तू ती पेटवायला निघालास. सोमवारी मावशी कारखाना याच्या हाती देणार होत्या. सोमवार येऊच द्यायचा नव्हता, आणि आळ घ्यायला हा आयता होता. बरोबर?"

 वीट ओढल्याचा खरखर आवाज तेवढा येत होता. अर्धं दार मोकळं झालं. बांबूनं आपलं लांबलचक शरीर दुमडून आत डोकं घातलं आणि तो एकदम ओरडला, "आहेत! श्वास चालू आहे!"

त्यानं मोठ्या बाईंना उचलून बाहेर आणलं. केसांत रक्त सुकलेलं, बोटांची टोकं सोललेली. हवालदारानं ओंजळीनं पाणी पाजलं. धुराड्यातून येणाऱ्या हवेवर त्या कालपासून तगल्या होत्या. इन्स्पेक्टरबाईंना तिथंच भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. 

भाचा मात्र एकाएकी बोलायला लागला. "मावशी, यांना सांग. सांग ना, मी नाही! कुणीतरी मागून मारलं तुला. तू शुद्धीत नव्हतीस. तुला काय माहीत कोण होतं ते?"

मोठ्या बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता, पण भट्टीच्या जाड भिंतींतून बाहेर काही ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांना जवळ वाकून ऐकावं लागलं.

"शेवटच्या चार विटा राहिल्या होत्या तेव्हा जाग आली मला," त्या म्हणाल्या. "फटीतून तुझा हात दिसला. मी म्हटलं, राजा, मी आहे रे आत. तुला वाटलं असेल भट्टी रिकामी आहे, म्हणून सांगितलं." त्यांनी श्वास घेतला. "तू थांबलास. वीट हातातच धरून उभा राहिलास. मला वाटलं, आता काढशील मला बाहेर."

भाचा जमिनीकडे बघत होता.

"मग तू ती वीट लावलीस."