हातांनी मागितलेलं मत

नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली होती. मालवणात रेश्मा खवणेकर मासळी निवडत बसली असताना तिच्या फोनचा दिवा लुकलुकला. पडद्यावर उमेदवार मेधा कुबल होत्या. रेश्माला जन्मापासून ऐकू येत नसे. आजवरचे उमेदवार घरी यायचे, तिला हात जोडायचे आणि बोलायचे मात्र तिच्या सासूशी. या मेधाताई चक्क हातांनी बोलू लागल्या, तिच्याच खुणांच्या भाषेत. आपण खऱ्या मेधाताई नसून त्यांची प्रतिमूर्ती आहोत, पण तुमचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवू, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

प्रतिमूर्ती म्हणजे उमेदवाराचा चेहरा, आवाज आणि विचार शिकलेली संगणकप्रणाली. जुईली तोरसकर नावाच्या अभियंता तरुणीने ती घडवली होती. एकाच वेळी ती शेकडो मतदारांशी बोलायची, कुणाशी मालवणीत, कुणाशी कन्नडमध्ये; आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायची. आश्वासन मात्र द्यायची नाही. तो अधिकार मेधाताईंनी स्वतःकडे ठेवला होता.

रेश्मा हातातली मासळी विसरून बोलत राहिली. तिचा नवरा सुहासही ऐकू न येणारा. गेल्या वादळात धोक्याचा भोंगा वाजला, तो त्याला कळलाच नाही. होडी धक्क्यावर आदळली आणि त्याचा उजवा हात चिरडला. तेव्हापासून तो अर्धाच बोलतो, असं तिने सांगितलं.

प्रतिमूर्तीने पाठवलेली ती नोंद वाचून मेधाताई दुसऱ्याच दिवशी जुईलीला घेऊन तिच्या दारात हजर झाल्या. रेश्मा ओळखीचं हसली आणि भराभर हात हलवू लागली. मेधाताईंना एकही खूण कळेना. रेश्माचे हात थबकले.

जुईलीने फोन समोर धरला. प्रतिमूर्ती दुभाषी झाली, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकलं.

"भोंग्याबरोबर धक्क्यावर लाल दिवाही लागेल. हा माझा शब्द," मेधाताई म्हणाल्या.

मग त्यांनी दिव्याची खूण विचारून घेतली. त्यांची बोटं चुकली, तशी सुहासने डाव्या हाताने ती नीट करून दिली.

रेश्माने पडद्याकडे पाहिलं, मग मेधाताईंकडे, आणि सावकाश काहीतरी विचारलं. प्रतिमूर्तीने ते मेधाताईंच्याच आवाजात सांगितलं:

"निवडून आल्यावर माझ्याशी कोण बोलणार? तुम्ही, की ही?"