छकुलीचा रिपोर्ट

हे खरं घडलंय. माझ्या मामेबहिणीच्या, ताईच्या बाबतीत. कुणाला पटो न पटो, मनचं एक अक्षर घातलेलं नाही.

भर दुपार. हॉस्पिटलचा दुसरा मजला. आत खाटेवर तिची लेक छकुली. बाहेर बाकावर ताई, मांडीवर लॅपटॉप.

त्या हॉस्पिटलची वेबसाइट आणि मेल ताईच सांभाळायची. आधी ते काम तिचा नवरा करायचा. तो वर्षापूर्वी गेला.

"परगावची लॅब म्हणाली, रिपोर्ट सकाळीच मेल केला," डॉक्टर म्हणाले. "इथे काही आलं नाही. आता त्यांचा फोनही लागत नाही. रिपोर्टशिवाय औषध कुठलं देऊ?"

ताईने डीएनएस रेकॉर्ड उघडले. इंटरनेटवर कुठलं नाव कुठे राहतं, ते हेच सांगतात.

ए रेकॉर्ड. नावामागचं मशीन दाखवणारा... ठीक होता.

सीनेम. एका नावाचं टोपणनाव... तोही ठीक.

एमएक्स. मेल कुठल्या दारात टाकायचा, ते सांगणारा...

तिने लॅपटॉप जवळ ओढला.

तिथे नवऱ्याच्या जुन्या मशीनचं नाव होतं. ते मशीन तिने स्वतः भंगारात घातलं होतं.

तिने नाव पुसलं. बरोबर नाव घातलं. पान पुन्हा उघडलं...

जुनंच नाव.

पासवर्ड बदलला. पुन्हा पुसलं.

पुन्हा तेच.

"अहो, नका ना असं करू," ती पुटपुटली. "पाया पडते. तुमचीच लेक आहे."

आतून बारीक हाक आली. "आई..."

"आलेच हं, बाळा. एवढं झालं की आले."

तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली. टीएक्सटी रेकॉर्ड. त्यात कुठलाही मजकूर ठेवता येतो. एरवी तिथे मेल खरा असल्याची खूण असते.

आता तिथे लिहिलं होतं...

'रिपोर्ट राहू दे. तिच्याजवळ बस.'

ताईने रडत रडत ती ओळ पुसली. पुन्हा एमएक्सला हात घातला. आतून हाका येतच होत्या.

मग हाका थांबल्या.

नर्स दारात आली. तिने ताईच्या मांडीवरचा लॅपटॉप हळूच मिटला.

मेल संध्याकाळी आपोआप सुरू झाला. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला. "सकाळी मिळाला असता, तरी आपल्या हातात काही नव्हतं," एवढंच म्हणाले.

ताईने ते काम सोडलं.

हे रेकॉर्ड कुणालाही बघता येतात. परवा मी बघितले. टीएक्सटीमध्ये एकच शब्द आहे...

'पोहोचली.'

नव्या माणसाने तो कितीदा तरी पुसलाय. जात नाही.

ताईला अजून सांगितलेलं नाही. सांगू का, तेच कळत नाही.